तात्पर्य न सांगणारी घरची शाळा

गोष्ट वाचून झाली की आपण सवयीने विचारतो, ‘या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात?’ मुलं आपल्यापेक्षा हुशार. ‘आपण नेहमी खरे बोलावे’ असं ठरलेलं उत्तर देतात आणि मोकळी होतात. ते उत्तर गोष्ट न ऐकताही देता येतं, हे त्यांना पहिलीतच कळलेलं असतं.

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) या बाई श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. घरीच मुलांना शिकवणारी इंग्लंड-अमेरिकेतली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं आजही त्यांची पद्धत वापरतात. गंमत म्हणजे धर्मावर इतकी श्रद्धा असूनही बायबलच्या पाठाला तात्पर्याची शेपटी जोडू नका, असं त्यांचं सांगणं होतं.

मेसनबाईंनी आधी शाळेत शिकवलं, मग शिक्षक-प्रशिक्षणाचं काम केलं. आईवडिलांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून १८८६ मध्ये त्यांचं ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक आलं. १८९१ पासून त्यांनी टपालाने घरोघरी अभ्यासक्रम, पुस्तकांच्या याद्या आणि परीक्षेचे प्रश्न पाठवायला सुरुवात केली. पुढे अँबलसाइड या गावी त्यांनी घरी राहून शिकवणाऱ्या शिक्षिकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. म्हणजे आपलं डी.एड. कॉलेजच म्हणा ना!

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. चांगल्या पुस्तकातला एक उतारा एकदाच वाचायचा. मूल लहान असेल तर आईने वाचून दाखवायचा. मग पुस्तक मिटायचं आणि मुलाने जे ऐकलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही, चूक सुधारायला थांबवायचं नाही. एकदाच का वाचायचं? कारण पुन्हा वाचणार आहेत हे कळलं की मूल पहिल्या वेळी कान देतच नाही. सहा वर्षांआधी औपचारिक पाठ नाहीत. लहानांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचे. साधारण दहाव्या वर्षापर्यंत सांगणं तोंडी, नंतर हळूहळू लेखी.

पुस्तकाबाबत मात्र बाई कडक होत्या. माहितीचे तुकडे एकाखाली एक मांडलेलं पाठ्यपुस्तक त्यांना चालत नसे. विषयावर प्रेम असलेल्या एका माणसाने मन लावून लिहिलेलं पुस्तक हवं. मुलांसाठी म्हणून बोबडं करून लिहिलेल्या पुस्तकांची त्यांना चीड होती. (मलाही आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

हे घरातच जमेल, वर्गात नाही, असं वाटेल. पण १९१४ च्या सुमारास यॉर्कशायरमधल्या कोळसाखाणीच्या एका गावात सरकारी शाळेने ही पद्धत घेतली आणि खाणकामगारांची मुलं मोठमोठे उतारे सांगू लागली. माझ्या तिसरीच्या वर्गात सुगरणीच्या घरट्यावरचा एक उतारा असाच वाचला. एरवी वहीत एक ओळ न लिहिणारा मुलगा उठला. नर घरटं कसं विणतो, नळीसारखं तोंड खाली का असतं, सगळं सांगून वर म्हणाला, ‘बाई, आमच्या विहिरीवरच्या बाभळीला अशी लई हायेत.’ प्रश्नोत्तरांत हे वाक्य कुठल्याच उत्तरात बसलं नसतं.

आता खेळाकडे येऊ. मेसनबाईंचा एक खेळ मला फार आवडतो. आई मोकळ्या जागेत बसते. मुलांना म्हणते, त्या ओढ्यापाशी जाऊन या आणि काय काय दिसलं ते सांगा. जो जास्त सांगेल तो जिंकला. दुसरा खेळ म्हणजे समोरचं दृश्य नीट पाहायचं, डोळे मिटायचे आणि मनात उमटलेलं चित्र बोलून दाखवायचं. खर्च शून्य. पण नीट पाहिलं तर हा अभ्यासच आहे, लक्ष देणं आणि सांगणं.

याच्या अगदी उलट खेळही ख्रिस्ती घरांत होते. ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’ हा पटावरचा खेळ १८४३ मध्ये अमेरिकेतल्या सेलम इथे छापला गेला. त्यात सद्गुणाच्या घरात सोंगटी पुढे जाते, दुर्गुणाच्या घरात शिक्षा होते. फासे म्हणजे जुगार, म्हणून फाशांऐवजी आकडे लिहिलेली फिरकी वापरत! आपल्याला हे नवीन नाही. सापशिडीचं मूळही आपल्याकडच्या पाप-पुण्याच्या पटात आहे, आणि महाराष्ट्रात तर परंपरा मोक्षपटाचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. असे खेळ मजेचेच, पण सोंगटी साप चुकवते ती दानामुळे, सद्गुणामुळे नव्हे. हे मुलांना पक्कं माहीत असतं.

म्हणूनच बायबलच्या पाठाची मेसनबाईंची रीत मला महत्त्वाची वाटते. प्रसंगाचा उतारा मूळ शब्दांत आदराने वाचायचा, मुलाने सांगायचा, मग त्यावर थोडं बोलायचं. पण ‘बघ, तूही असाच वागतोस’ असं बोट मुलाकडे वळवायचं नाही. बोध पोचायचा तर आपोआप पोचू द्यायचा. घरी शिकवणाऱ्या आईच्या हातात दिवसाचे सगळे तास असतात, तिला तर हा मोह आपल्यापेक्षा जास्त. रोजचं जेवण, अभ्यास, प्रार्थना, रागावणं सगळं एकाच माणसाकडून. तिथे श्रद्धा ही शिस्तीची छडी व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. घराबाहेरचं कोणी या मुलाला पाहतं का? १९८४ मध्ये सुझन शेफर मकॉली यांच्या पुस्तकामुळे मेसनबाईंची अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांना नव्याने ओळख झाली. तिथे सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर आहे, पण टेक्ससमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये अहवाल द्यावे लागतात. जर्मनीत शाळा सक्तीचीच. तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, ती २००६ मध्ये फेटाळली गेली. वेगळ्या विचारांच्या मुलांत मिसळणं हाही शिक्षणाचाच भाग, ही बाजू तिथे ग्राह्य धरली गेली. मला ती पटते. माझ्या वर्गात शेजारी बसणारी दोन मुलं वेगवेगळे सण साजरे करतात आणि डबा मात्र एकत्र खातात. हे एका घरात घडवणं कठीण.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वयोगटासाठी आहे आणि मुलाला शाळेत दाखल करणं पालकांचं कर्तव्य मानतो. घरी शिकणारी मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) दहावीची परीक्षा देऊ शकतात, त्यासाठी किमान वय १४ लागतं.

पण शाळा न सोडताही ही पद्धत घरी आणता येते. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पुरेत. पान-दीड पान वाचा, पुस्तक मिटा, ‘सांग बरं’ म्हणा आणि गप्प बसा. मूल अडलं तरी थोडं थांबा. दोन भावंडं असतील तर एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढे न्यायचं. वर्गात चाळीस मुलं असतील तर जोड्या करा: एक सांगतो, दुसरा सुटलेलं भरतो, दुसऱ्या दिवशी उलट. पहिला आठवडा ‘राजा होता, मग तो गेला’ एवढंच ऐकायला मिळेल. आजीला मात्र आधी सांगून ठेवा, कारण ‘मग यातून काय शिकलास?’ हे ती हमखास विचारणार.