‘आगामी आकर्षण’ : जुन्या भयपटांचे ट्रेलर व त्यांचें वाचन

प्रस्तुत लेखाचें शीर्षक पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. जेथें सनदा, महजर, शकावल्या व पोथ्यांच्या पुष्पिका यांची चर्चा व्हावयाची, तेथें भुताखेतांच्या स्वस्त चित्रपटांच्या जाहिरातींस स्थान कां द्यावें, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर आरंभींच देतों. जो कागद इतिहास म्हणून लिहिला गेला नाहीं, तोच इतिहासास अधिक उपयोगीं पडतो, हें तत्त्व आपण सर्वांनीं मान्य केलेलें आहे. बाजारहाटाची एखादी याद बखरीपेक्षां पुष्कळदां अधिक विश्वसनीय ठरते. त्याच न्यायानें जुन्या भयपटाचा ट्रेलर हा गेल्या शतकांतील सामान्य जनांच्या भयाचा व कुतूहलाचा अस्सल कागद आहे. मात्र तो वाचण्याची रीति ठाऊक पाहिजे, आणि तत्पूर्वीं त्याचा आस्वाद घेतां आला पाहिजे. या दोहोंविषयीं येथें थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

ट्रेलर म्हणजे पुढें येणाऱ्या चित्रपटाची दोनचार मिनिटांची जाहिरातपट्टी. या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘मागून येणारा’ असा आहे. आरंभीं ही पट्टी मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत. पुढें ती आधीं दाखवूं लागले, पण नांव तेंच राहिलें. आपल्याकडे पडद्यावर ‘आगामी आकर्षण’ अशीं अक्षरें येत. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. भरतमुनींनीं भारती वृत्तीचीं चार अंगें सांगितलीं आहेत : प्ररोचना, आमुख, वीथी आणि प्रहसन. पैकीं प्ररोचना म्हणजे प्रयोगाची प्रशंसा करून प्रेक्षकांचें मन त्याकडे वळविणें. सूत्रधार पुढें येऊन कवीची, नाटकाची व सभेचीही स्तुति करतो, ती याचसाठीं. ट्रेलर ही प्ररोचनाच होय. सूत्रधाराच्या जागीं एक घोगरा आवाज आला, इतकाच भेद.

भयानक रसाचे जे विभाव नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत दिले आहेत, ते पाहिले म्हणजे ही संगति अधिकच पटते. विकृत आवाज, भुतांचें दर्शन, कोल्हा व घुबड, ओसाड घर, अरण्यांतील गमन ही ती यादी आहे. कोणत्याही जुन्या हिंदी भयपटाचा ट्रेलर पाहावा. या यादींतील निदान चार बाबी पहिल्या मिनिटांतच सांपडतील. परंतु एक फरक लक्षांत ठेवण्याजोगा आहे. नाटकांत विभाव, अनुभाव व व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रस परिपूर्ण होतो. ट्रेलर विभाव तेवढे दाखवितो आणि नेमक्या क्षणीं थांबतो. दार करकरत उघडतें, कंदिलाचा उजेड आंत पडतो, नायिका किंकाळी फोडते. पण तिनें काय पाहिलें हें आपणांस दिसत नाहीं. उरलेली जागा प्रेक्षकाची कल्पना भरून काढते. आमचा अनुभव असा कीं, ती जें भरते त्यास प्रत्यक्ष चित्रपटांतील मेणाचा व रबराचा राक्षस क्वचितच पुरा पडतो. कित्येक भयपटांचे ट्रेलर त्या चित्रपटांहून सरस वाटतात, त्याचें कारण हें.

आम्ही शाळेंत शिकत असतां, म्हणजे इ. स. १९७० नंतरच्या दशकांत, लकडी पुलाजवळच्या अलका चित्रपटगृहांत इंग्रजी व इतरत्र हिंदी चित्रपट पाहावयास जात असूं. आधीं फिल्म्स डिव्हिजनचें वार्तापत्र होई, मग ट्रेलर येत. वडील मंडळींनीं ज्या चित्रपटांस जाण्याची सक्त मनाई केलेली असे, त्यांचे ट्रेलर मात्र आम्हांस भक्तिपटाच्या खेळासही फुकट पाहावयास मिळत. त्या तीन मिनिटांवर आम्ही आठवडाभर कथा रचीत असूं. पुढें आम्ही शिक्षक झालों, आणि अशा गोष्टींस तुच्छ मानणें हा व्यवसायाचा भाग झाला. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें सांगूं.

हिंदी भयपटांत अग्रमान रामसे बंधूंकडे जातो. हे सात भाऊ. लेखन, चित्रण, ध्वनि, संकलन, दिग्दर्शन हीं कामें त्यांनीं घरांतच वाटून घेतलेलीं. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ हा त्यांचा भयपट १९७२ सालचा. त्याचें चित्रण आपल्या महाबळेश्वरास झालें. पुढें ‘दरवाज़ा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) हे चित्रपट निघाले. या मंडळींपाशीं मोठ्या नटांस देण्याइतका पैसा नव्हता. ज्यास नटाचें नांव विकतां येत नाहीं, त्यास भय विकावें लागतें. आणि तें विकण्याचें दुकान म्हणजे ट्रेलर. अमेरिकेंत विल्यम कॅसल या निर्मात्यानें हाच धंदा पराकोटीस नेला. ‘मकाब्र’ (१९५८) पाहतांना जो कोणी भीतीनें मरेल त्याच्या वारसांस एक हजार डॉलर मिळतील, असा विमा त्यानें लंडनच्या लॉइड्सकडून उतरविला होता. ‘द टिंगलर’ (१९५९) या चित्रपटाच्या वेळीं तर त्यानें कांहीं खुर्च्यांखालीं कंपन करणारीं यंत्रें बसविलीं. मराठींत या रसास हास्याची जोड ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटानें दिली. त्यांतील तात्या विंचू ही रामदास पाध्ये यांची बाहुली आजही मुलांच्या तोंडीं आहे.

आतां वाचनाकडे वळूं. पहिली सावधगिरी ही कीं, ट्रेलर म्हणजे चित्रपटाचा उतारा नव्हे. हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) या बेताच्या खर्चाच्या चित्रपटाच्या ट्रेलरांत ते स्वतः प्रेक्षकांस घर दाखवीत हिंडतात, आणि शेवटीं न्हाणीघरांत किंचाळणारी स्त्री ही चित्रपटांतील जॅनेट ली नसून व्हेरा माइल्स ही दुसरी नटी आहे. म्हणून ट्रेलरांत दिसलें तें चित्रपटांत होतेंच असें विधान करूं नये. बखरीवरून लढाईची तारीख ठरवूं नये, परंतु बखर लिहिणारास काय सांगावेंसें वाटलें हें मात्र तीवरूनच ठरतें; तसेंच हें आहे. चित्रपटांत काय दिलें यापेक्षां काय देण्याचें वचन दिलें, याचा ट्रेलर हा पुरावा.

दुसरी गोष्ट शिक्कामोर्तबाची. आपल्या देशांत ट्रेलरासही सेन्सॉरचें स्वतंत्र प्रमाणपत्र लागतें, आणि तें पट्टीच्या अग्रभागीं असतें. त्यावरील नांव, वर्ग, क्रमांक, तारीख व लांबी हीं प्रथम टिपून घ्यावीं. मंडळाचें नांव १९८३ सालीं बदलून ‘सेन्सॉर’ऐवजीं ‘प्रमाणन’ हा शब्द आला, आणि ‘यू/ए’ हा वर्गही त्याच वर्षापासून आहे. तेव्हां प्रमाणपत्राची तारीख अस्पष्ट असली तरी पूर्वमर्यादा ठरते. डाव्या कोपऱ्यांत खालीं त्रिकोण काढलेला असल्यास कांहीं भाग कापावयास लावून मग परवानगी दिली, असें समजावें. मात्र १९५२ च्या कायद्यांत प्रमाणपत्रास दहा वर्षांची मुदत होती. यास्तव हातीं आलेलें प्रमाणपत्र पहिलेंच असेल असें धरून चालूं नये. नव्या राजवटींत जुन्या सनदेवर नवा शिक्का होई, तोच हा प्रकार.

तिसरी गोष्ट लांबीची. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटांत सोळा चौकटी असतात, आणि सेकंदास चोवीस चौकटी पडद्यावरून जातात. म्हणजे मिनिटास ९० फूट, अथवा सुमारें २७ मीटर. प्रमाणपत्रावर ८१ मीटर लिहिलें असेल तर ट्रेलर तीन मिनिटांचा. हातांतील पट्टी दोनच मिनिटांची भरली तर मधलीं पानें गहाळ आहेत असें जाणावें. पोथी हातीं येतांच आपण पत्रांक मोजतों; येथें फूट मोजावे.

चौथी गोष्ट फिल्मच्या कांठाची. कागदांत जलचिन्ह असतें तशीं फिल्मच्या कांठावर कारखान्याचीं नांवें व खुणा असतात. ‘ईस्टमन’, पूर्व जर्मनीचें ‘ओर्वो’, उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्सचें ‘इंदु’ हीं नांवें आमच्या पाहण्यांत वारंवार येतात. कोडॅकच्या वर्तुळ, चौकोन, त्रिकोण या चिन्हांवरून फिल्म कोणत्या सालीं तयार झाली हें कळतें, परंतु तींच चिन्हें वीस वर्षांनीं पुन्हा येत, हें विसरूं नये. शिवाय मूळ निगेटिव्हच्या कांठावरील अक्षरें छपाईंत पॉझिटिव्हवरही उतरूं शकतात, त्यामुळें एकाच पट्टीवर दोन निरनिराळ्या काळांच्या खुणा सांपडतात. लेखकानें मूळ पोथीची पुष्पिका आपल्या प्रतींत तशीच उतरावी आणि वाचकानें ती प्रत तितकी जुनी समजावी, हा घोटाळा आपल्या परिचयाचाच आहे.

आतां मघाशीं राहिलेली गोष्ट. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें वर्गांत पत्र्याची एक डबी आणिली होती. तींत भयपटांच्या ट्रेलरांचे कापलेले तुकडे होते; कांच व आरसा लावून तो ते भिंतीवर पाडून दाखवीत असे. आम्हीं ती डबी जप्त केली, आणि सायंकाळीं कचऱ्यांत टाकिली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारांत एका रविवारीं रद्दीच्या ढिगांत तशीच एक गुंडाळी दिसली, तेव्हां त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. विक्रेत्यानें ती वजनावर दिली. डबा उघडतांच शिर्क्याचा तीव्र वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजूं लागली म्हणजे असा वास सुटतो. एकदां आरंभ झाला कीं तो रोग थांबत नाहीं, फक्त थंड व कोरड्या जागीं मंदावतो. पट्टी आंखडली होती, प्रमाणपत्राचा भाग गेलेला होता, आणि उरल्या फुटांत एक जिना, एक वादळ आणि एक बंद दार एवढेंच राहिलें होतें. चित्रपट कोणता, हें आम्हांस अद्यापि ठरवितां आलेलें नाहीं.

हा नाश एकट्या गुंडाळीचा नव्हे. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत लागला. आज त्याची एकही प्रत ज्ञात नाहीं, तो आपणांस छायाचित्रें व जाहिराती यांवरूनच ठाऊक आहे. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर यांनीं थोर-क्षुद्र हा भेद न करितां मिळेल तें जमविण्यांत आयुष्य वेंचलें. तरीही २००३ च्या जानेवारींत याच शहरांत लागलेल्या आगींत नायट्रेटच्या अनेक जुन्या फिल्मा भस्मसात् झाल्या. तें संग्रहालय २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. मोठ्या चित्रपटांची काळजी वाहणारे कोणी तरी निघतातच. तीन मिनिटांच्या पट्टीस वाली नसतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती इतकीच. पोथ्यांच्या दप्तरांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अथवा बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या सामानांत असे डबे आढळल्यास ते टाकून देऊं नयेत. कांठावर ‘सेफ्टी’ हा शब्द आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. तो नसल्यास फिल्म नायट्रेटची असण्याचा संभव असतो, आणि ती भडकन् पेट घेते, यास्तव घरांत न ठेवतां जाणत्यांस कळवावें. इतर पट्ट्या हवाबंद पिशवींत कोंडूं नयेत. नांव, लांबी, शिक्का व कांठावरील खुणा यांचें टिपण करून ठेवावें. आणि शक्य झाल्यास एकदां ती पट्टी भिंतीवर पाडून पाहावी. भय वाटेल किंवा हंसूं येईल. बहुधा दोन्ही होईल. आमच्या गुंडाळींतील तें बंद दार आम्ही अनेकवार पाहिलें आहे. वाचकांपैकीं कोणास तें ओळखतां आलें, तर आमच्यावर उपकार होतील. आणि जो विद्यार्थी त्या सायंकाळीं रिकाम्या हातांनीं घरीं गेला, त्याच्या ऋणाची थोडीबहुत फेड होईल.