देवाची हाक ओळखायची कशी?

देव माणसाशी बोलतो, ही ख्रिस्ती श्रद्धेतली पायाभूत धारणा. तो बोलला हे ओळखायचे कसे, हा त्यातला अवघड भाग. कौल लावणे, अंगात येणे, दृष्टान्त होणे या गोष्टी कोकणाला नव्या नाहीत. त्यामुळे ख्रिस्ती माणसालाही देव अशाच एखाद्या अद्भुत वाटेने भेटत असेल, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अद्भुताबद्दल चर्चची परंपरा बरीच सावध आहे. तिचा भर साध्या, रोजच्या आणि तपासून पाहता येण्याजोग्या गोष्टींवर आहे.

कोकणातल्याच एका गावाचे उदाहरण घेऊ: रायगडच्या किनाऱ्यावर कुंडलिका खाडीच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. गावातले कॅथलिक मात्र राहिले. घरात ते आजही पोर्तुगीजपासून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मराठीत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (1962–65) जगभरच्या लॅटिन परंपरेतल्या कॅथलिकांप्रमाणे इथेही मिस्सा लॅटिनमध्येच होत असे. म्हणजे देवाचा शब्द भाविकाला समजणाऱ्या भाषेत त्याच्या कानी पडू लागला, याला अजून पुरती पाऊणशे वर्षेही झालेली नाहीत.

देव बोलतो तो सर्वांत आधी मिस्सेत होणाऱ्या बायबलच्या वाचनातून, असे चर्च मानते. रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन बहुधा जुन्या करारातले, मग स्तोत्र, मग एखाद्या प्रेषिताचे पत्र आणि शेवटी शुभवर्तमान. शुभवर्तमानाच्या वेळी सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळ, ओठ व छाती यांवर लहानसा क्रूस काढतात. ऐकलेले बुद्धीत, बोलण्यात आणि अंतःकरणात उतरावे, हा त्याचा अर्थ. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. आज कोणता उतारा ऐकायचा हे भाविक ठरवत नाही, धर्मगुरूही ठरवत नाही. आणि नेमका तोच उतारा एखाद्याच्या घरच्या अडचणीला जाऊन भिडतो. ‘आज देव माझ्याशी बोलला’ असे ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात हेच असते. आपल्याला हवा तो उतारा शोधून काढणे किंवा डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवणे ही वेगळी गोष्ट. जाणते धर्मगुरू तिला उत्तेजन देत नाहीत.

वाचनाचा असा परिणाम व्हायला वेळ लागतो. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, तरी बाप्तिस्मा त्यांनी 1895 मध्ये घेतला. मधला काळ वाचन, वाद आणि घालमेल यांत गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे वळण आणखी निराळे. सोवळ्यात वाढलेल्या या बाईंना पुढे एकदा विचार करता करता उमगले की, जातिभेद देवाचा नाही, माणसाचा आहे. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रसंग येतो, त्यात ना प्रकाश आहे, ना आकाशवाणी. स्वतःच्याच डोक्यातला एक विचार, पण तो आयुष्य बदलून गेला.

सदसद्विवेकबुद्धी हे देवाच्या बोलण्याचे दुसरे ठिकाण. तिथे ऐकू येणारे नेहमी सोयीचे असतेच असे नाही, चर्चच्या अधिकाऱ्यांनाही नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तिथल्या भगिनी करत असलेले काम पाहून त्या हलल्या होत्या. पण त्यानंतर तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, स्वतःला न पटलेली मते केवळ वडीलधारे सांगतात म्हणून स्वीकारायला त्यांनी ठाम नकार दिला. कॅथलिक शिकवणही विवेकाचा मान राखते, मात्र तो घडवावा लागतो, अशी पुस्ती जोडते. ही पुस्ती महत्त्वाची आहे, कारण हट्टालाही ‘आतला आवाज’ म्हणता येते.

मग खरा आवाज आणि मनाचे खेळ वेगळे कसे करायचे? यावर सर्वांत बारकाईने लिहिले ते जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी. त्यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक 1548 मध्ये छापले गेले. त्याआधीच, 1534 मध्ये, पॅरिसमध्ये त्यांच्याबरोबर व्रत घेतलेल्या सोबत्यांत फ्रान्सिस झेवियर होते. रेवदंड्याच्या किल्ल्यात झेवियर यांच्या नावाचे जे पडके चॅपेल दाखवतात, तिथे त्यांनी प्रवचन केले अशी स्थानिक परंपरा आहे. इग्नेशियस यांची पद्धत म्हणजे मनाच्या हालचालींवर पाळत. एखाद्या निर्णयाने टिकाऊ शांती, श्रद्धा आणि प्रेम वाढते का, की सुरुवातीला गोड वाटून मागे कोरडेपणा आणि बेचैनी उरते? विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असा सगळा माग काढायचा. यासाठी रोज दिवसाची झाडाझडती: आज कशाबद्दल आभार मानावेत, कुठे प्रतिसाद दिला, कुठे टाळाटाळ केली. घाईच्या दिवशीही ही झाडाझडती चुकवू नये, यावर जेझुइट परंपरेचा कटाक्ष आहे.

पुढची कसोटी इतरांची. बायबलमधला बालक शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा धावला तो म्हाताऱ्या याजक एलीकडे. हाक देवाची आहे हे ओळखले एलीने. म्हणून मोठा निर्णय पापनिवेदनात, आध्यात्मिक मार्गदर्शकापाशी किंवा निदान घरात बोलून पाहावा, असे सांगितले जाते. जो संदेश शुभवर्तमानाच्या विरुद्ध जातो, जो कोणाला सांगूच नये असे वाटते, जो ऐकणाऱ्याला इतरांहून मोठा ठरवतो, तो संशयास्पद.

स्वप्ने, दर्शने, चमत्कार यांना परंपरा नाकारत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये मुली-बायकांत प्रार्थनेची जी लाट उसळली, तिच्याकडे पुढे पेंटेकॉस्टल चळवळीने आदराने पाहिले. अशा पंथांत आत्म्याचा थेट अनुभव अधिक मध्यवर्ती आहे. कॅथलिक भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 मधल्या दस्तऐवजात नोंदलेली आहे: देवाचे प्रकटीकरण ख्रिस्तात पूर्ण झाले, त्यात नवी भर पडायची नाही. लूर्द किंवा फातिमा येथील मरियामातेच्या दर्शनांना चर्चची मान्यता असली, तरी त्यांवर विश्वास ठेवणे कोणत्याही कॅथलिकाला बंधनकारक नाही.

उरते मौन. प्रार्थना करूनही काहीच जाणवत नाही, असे महिनेच्या महिने जातात. मदर तेरेसांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण त्यांचा हा कोरडा काळ कित्येक वर्षांचा होता. साधनामार्गाच्या जाणकारांना त्याचे तेवढे नवल वाटले नाही. अशा वेळेसाठी इग्नेशियस यांचा नियम अगदी व्यवहारी आहे: मन उजाड असताना आधी केलेला निर्णय बदलू नये, प्रार्थना कमी करू नये, उलट थोडी वाढवावी.