सर्व्हरचा वीजवापर : मोजणीतील दोष आणि त्यांचे निदान

शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा हवा असतो, विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असतो, ग्रामपंचायतीला जन्मनोंदीचा दाखला द्यावयाचा असतो. ही कामे आता संगणकाच्या पडद्यावर होतात. परंतु त्या पडद्यामागे दूरच्या एखाद्या खोलीत अहोरात्र चालणारी यंत्रे असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. ही यंत्रे रात्री विसावा घेत नाहीत, सुटीच्या दिवशी बंद होत नाहीत, आणि त्यांना लागणारी वीजही कधी थांबत नाही.

एखादा सर्व्हर सरासरी ३५० वॅट वीज घेत असेल, तर तो दिवसाला ८.४ युनिट आणि वर्षाला ३,०६६ युनिट वीज खर्च करतो. असे वीस सर्व्हर असलेल्या कार्यालयात हा आकडा वर्षाला ६१,३२० युनिटांवर जातो. त्यात वातानुकूलन आणि यूपीएस यांचा खर्च धरलेला नाही. मोजणीत केवळ दहा टक्क्यांची चूक राहिली, तरी वर्षाअखेर ६,१३२ युनिटांचा हिशेब लागत नाही. म्हणूनच वीजवापराचे आकडे कोठून येतात, ते केव्हा फसवे ठरतात आणि दोष कसा शोधावा, याची माहिती तंत्रज्ञांप्रमाणेच खर्चास मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनाही असणे आवश्यक आहे.

मोजणीची चार ठिकाणे

सर्व्हरचा वीजवापर एकाच ठिकाणी मोजला जात नाही. पहिले ठिकाण म्हणजे बाहेरचे मीटर. ते वीजफलकावर किंवा सर्व्हरच्या कपाटातील वीजवाटप पट्टीवर असते. दुसरे ठिकाण सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये असते. तेथील संवेदक आत येणारी आणि बाहेर पडणारी वीज मोजतात. हे आकडे पॉवर सप्लायकडून पुढे कळविण्यासाठी पीएमबस ही संकेतपद्धती २००५ पासून प्रचारात आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे सर्व्हरच्या मुख्य फलकावरील देखरेख नियंत्रक. हा एक छोटा स्वतंत्र संगणकच होय. मुख्य यंत्र बंद असले तरी वायर जोडलेली असेपर्यंत तो जागा असतो. त्याच्याशी बोलण्याची आयपीएमआय ही पद्धती १९९८ मध्ये इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी या कंपन्यांनी आणली. रेडफिश ही तिच्याहून नवी पद्धती २०१५ मध्ये आली. चौथे ठिकाण प्रत्यक्ष प्रोसेसरमध्ये असते. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून आरएपीएल या नावाची ऊर्जागणक सोय आहे.

या चारही ठिकाणचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि जुळणे अपेक्षितही नाही. प्रोसेसरचा आकडा केवळ प्रोसेसरचा आणि फार तर स्मृतिपट्ट्यांचा असतो. पंखे, डिस्क व पॉवर सप्लायमधील हानी त्यात येत नाही. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९४ टक्के असेल, तर सर्व्हरच्या आत ३७६ वॅट पोहोचविण्यासाठी भिंतीतून ४०० वॅट घ्यावे लागतात. हा २४ वॅटांचा फरक मोजणीचा दोष नव्हे. ती उष्णतेच्या रूपाने गेलेली वीज होय. सबब, दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी ते कोणत्या ठिकाणचे आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

आकडा मुळीच न येणे

सर्वांत ठळक दोष म्हणजे आकडाच न दिसणे किंवा सतत शून्य दिसणे. याची कारणे बहुधा साधी असतात. पॉवर सप्लाय आपल्या खाचेत पूर्ण बसलेला नसतो. बदली म्हणून बसविलेला पॉवर सप्लाय वेगळ्या जातीचा असल्यामुळे तो आपले आकडे कळवीत नाही. काही स्वस्त सर्व्हरांच्या पॉवर सप्लायमध्ये अशी मोजणीची सोयच नसते. तेथे कितीही खटपट केली तरी आकडा येणार नाही आणि बाहेरचे मीटर हाच मार्ग उरतो.

कधी कधी देखरेख नियंत्रकच अडकून पडतो. मग तो जुना आकडा तासन्‌तास तसाच दाखवीत राहतो. सर्व्हरवरील काम वाढले तरी वॅट हलत नाहीत, हे त्याचे लक्षण होय. अशा वेळी केवळ नियंत्रक पुन्हा सुरू करता येतो. मुख्य यंत्राचे काम त्यामुळे सहसा थांबत नाही. तथापि, काही यंत्रांत त्या काळात पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात. म्हणून हे काम वर्दळ नसलेल्या वेळी करावे.

प्रोसेसरचा आकडा न दिसण्याचे कारण निराळे आहे. ऊर्जेच्या सूक्ष्म नोंदींवरून प्रोसेसरमधील गुप्त माहितीचा तर्क करता येतो, असे संशोधकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये उघड केले. तेव्हापासून लिनक्स प्रणालीत ही नोंद वाचण्याचा अधिकार केवळ प्रमुख प्रशासकास ठेवण्यात आला आहे. पूर्वी चालणारी देखरेख प्रणाली अद्ययावत केल्यानंतर अचानक मुकी झाली, तर यंत्र बिघडले असे समजण्यापूर्वी हा अधिकार तपासावा. हा अधिकार सर्वांना खुला करणे हा योग्य उपाय नाही. देखरेखीच्या कार्यक्रमापुरताच तो द्यावा.

आकडा येतो, पण चुकीचा येतो

न दिसणाऱ्या आकड्यापेक्षा चुकीचा आकडा अधिक घातक असतो. कारण त्यावर विश्वास ठेवला जातो. त्याचे काही नेहमीचे प्रकार असे आहेत.

बहुतेक सर्व्हरांना दोन पॉवर सप्लाय असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर यंत्र चालावे, हा त्यामागील हेतू. ज्या मीटरवर केवळ एकच पॉवर सप्लाय जोडलेला आहे, ते मीटर निम्माच वापर दाखविते. काही यंत्रांत एक पॉवर सप्लाय भार उचलतो आणि दुसरा राखीव राहतो. तेथे दुसऱ्याचा आकडा शून्याजवळ दिसला तर तो दोष नव्हे. उलट, एकाच पेटीत चार सर्व्हर असून पॉवर सप्लाय सामाईक असतील, तर काही रचनांत प्रत्येक सर्व्हर संपूर्ण पेटीचा आकडा स्वतःचा म्हणून सांगतो. त्यांची बेरीज केली की वापर चौपट भासतो.

प्रोसेसरमधील ऊर्जागणक हा सायकलच्या जुन्या अंतरमापकासारखा आहे. शेवटच्या आकड्यानंतर तो पुन्हा शून्यावर येतो. अनेक सर्व्हर-प्रोसेसरांत ही मर्यादा सुमारे २,६२,१४४ जूल असते. १५० वॅटच्या भारावर ती २९ मिनिटांत संपते. नोंद दर तासाला घेतली, तर मध्ये गणक किती वेळा फिरला हे कळत नाही आणि तक्त्यात ऋण किंवा फारच कमी वापर उमटतो. नोंद दर मिनिटाला घेणे आणि गणक फिरल्यास पूर्ण फेरीची ऊर्जा मिळविणे, हा त्यावरील उपाय होय.

आयपीएमआयच्या संवेदकाचे वाचन आठ बिटांचे, म्हणजे २५६ पायऱ्यांचे असते. एक हजार वॅटपर्यंतची पट्टी इतक्या पायऱ्यांत विभागली की एक पायरी सुमारे चार वॅटांची होते. त्यामुळे आकडा उड्या मारीत बदलताना दिसतो. दोन-तीन वॅटांच्या बचतीचा निष्कर्ष अशा आकड्यांवरून काढू नये. तसेच नियंत्रक तात्कालिक, किमान, कमाल आणि सरासरी असे चार आकडे देतो. त्यांतील सरासरीलाच चालू वापर समजण्याची चूक अनेकदा होते.

बाहेरचे मीटरही चुकू शकते. टाँगटेस्टरमध्ये संपूर्ण केबल धरली तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांस रद्द करतात आणि वाचन शून्य येते. त्यासाठी एकच तार पकडावी लागते. वीजफलकावरील प्रवाह-रोहित्र २०० ला ५ या प्रमाणाचे असून मीटरमध्ये १०० ला ५ असे प्रमाण भरले असेल, तर मीटर निम्मी वीज दाखविते. तीन फेजांच्या समान भारावर एक प्रवाह-रोहित्र उलटे बसविले, तर एका फेजची वीज वजा होऊन एक-तृतीयांशच वाचन मिळते. वीजफलक उघडण्याचे काम परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

खरी वाढ कशी ओळखावी

प्रत्येक अनपेक्षित आकडा चुकीचाच असतो असे नाही. सर्व्हरवरील काम तेवढेच असून वीजवापर वाढला असेल, तर पंख्यांकडे पाहावे. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की वीज सुमारे आठपट लागते. जाळ्यांत साचलेली धूळ किंवा बंद पडलेले वातानुकूलन यांमुळे पंखे वेगाने फिरू लागतात. येथे मीटर खरे बोलत असते. दुरुस्ती खोलीची हवी असते.

वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांतील भेदही लक्षात ठेवला पाहिजे. हलक्या भारावर पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर घसरतो आणि दोन आकड्यांतील अंतर वाढते. राज्यात महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर आकारणी लागू झाली आहे. अशा ठिकाणी केवळ वॅटांची बेरीज करून वीजबिलाशी ताळा घालू पाहणारास तो जमणार नाही.

चुकीच्या मोजणीचा धोका

प्रश्न केवळ बिलाचा नाही. समजा, एका कपाटाला १६ अँपिअरच्या दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत आणि प्रत्येकीवर १२ अँपिअर भार दिसतो. सतत चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांत, म्हणजे १२.८ अँपिअरच्या आत ठेवावा, या नियमाने दोन्ही वाहिन्या सुरक्षित भासतात. पण एक वाहिनी बंद पडताच तिचा भार दुसरीवर येतो आणि तेथे २४ अँपिअर होतात. सर्किट ब्रेकर हा भार फार वेळ सहन करीत नाही. तोही उतरतो आणि संपूर्ण कपाट अंधारात जाते. ज्या दुहेरी व्यवस्थेवर भरवसा ठेवला, तीच ऐनवेळी उपयोगी पडत नाही. म्हणून दोन्ही वाहिन्यांची बेरीज एका वाहिनीच्या मर्यादेत असली पाहिजे. ही बेरीज खरी मोजणी असेल तरच करता येते.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना बाहेरून आत जावे. प्रथम बाहेरच्या मीटरची जोडणी आणि प्रमाण तपासावे. नंतर सर्व्हरला कोणत्या पट्टीतून वीज मिळते याचा नकाशा करून प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावावी. पुढे सर्व्हर रिकामा असताना दहा मिनिटे व पूर्ण कामावर असताना दहा मिनिटे, अशा दोन्ही स्थितींत बाहेरचे व आतले वाचन एकाच वेळी टिपावे. त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत.

समजा, बाहेरचे मीटर रिकाम्या स्थितीत २०० आणि कामावर ४०० वॅट दाखविते, तर नियंत्रक १९५ आणि ३९० दाखवितो. हा अडीच टक्क्यांचा फरक व्यवहारात चालण्याजोगा आहे. नियंत्रक १०० आणि २०० दाखवीत असेल, तर एक पॉवर सप्लाय मोजणीतून सुटला असण्याचा संभव अधिक. बाहेरचा आकडा वाढला आणि आतला स्थिर राहिला, तर नियंत्रक अडकला आहे असे समजावे. फरकाचे स्वरूपच दोषाचा पत्ता सांगते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. नियंत्रकाची प्रणाली, पॉवर सप्लाय आणि मीटर एकदम बदलले, तर दोष गेला तरी तो कशात होता हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तीच खटपट पुन्हा करावी लागते.

नोंदवहीचे महत्त्व

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्यूरोची स्थापना झाली. ऊर्जाबचतीच्या कामात मोजणीला पहिले स्थान आहे. सर्व्हर-कक्षाच्या एकूण विजेला प्रत्यक्ष सर्व्हरांच्या विजेने भागून येणारे गुणोत्तर २००७ पासून जगभर वापरले जाते. कक्षाचा वापर १५,००० युनिट आणि सर्व्हरांचा १०,००० असेल, तर ते १.५ येते. ते एकाच्या जितके जवळ, तितकी व्यवस्था चांगली. पण सर्व्हरांचा आकडा दुबार मोजला गेला, तर हेच गुणोत्तर कागदावर सुंदर दिसते आणि उधळपट्टी झाकली जाते.

महिन्यातून एकदा बाहेरच्या मीटरचे आणि आतील नोंदींचे आकडे शेजारी शेजारी लिहिण्यास फार वेळ लागत नाही. विहिरीवरच्या पंपाचे मीटर शेतकरी ज्या काळजीने पाहतो, तीच काळजी येथे पुरेशी आहे. ज्या कार्यालयात अशी वही असते, तेथे दोष वर्षाअखेरच्या बिलातून किंवा सेवा बंद पडल्यावर कळत नाही. तो त्याच महिन्यात हाती लागतो.