गाडीची दुरुस्ती : घरी की गॅरेजमध्ये?

रविवारची सकाळ उजाडली, की सोसायटीच्या आवारात बोनेट उघडून गाडीत डोके घालणारे हौशी वाहनमालक हमखास दिसतात. घरच्या घरी दुरुस्ती केल्याने गॅरेजचे बिल वाचते आणि आपल्या हाताने काम केल्याचे समाधानही लाभते. मात्र कोणते काम स्वतः करावे आणि कोणते मेकॅनिककडे सोपवावे, याची खरी कसोटी पैशांची नाही. काम चुकले तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

व्हायपरचे रबर नीट बसले नाही, तर काच स्वच्छ पुसली जात नाही. चूक लगेच दिसते आणि सुधारताही येते. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा फ्यूज बसवणे, टायरमधील हवा पाहणे, डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी तपासणे ही कामेही याच प्रकारची. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका वाचून ती कोणालाही जमतात. कूलंट पाहताना मात्र इंजिन थंड होऊ द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळता द्रव अंगावर उसळतो.

ब्रेकचे गणित निराळे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. घाट उतरताना ब्रेक तापून या ऑइलची वाफ झाली, तर पेडल दबते, पण गाडी थांबत नाही. ऑइल बदलताना नळीत हवा राहिली, तरी हाच धोका संभवतो. शिवाय ही चूक आवारात दिसत नाही. ती रस्त्यावर उघड होते.

स्टिअरिंग, एअरबॅग, सीएनजी किट आणि विजेवरील गाड्यांमधील उच्च विद्युतदाबाच्या नारिंगी वायरी यांनाही हाच न्याय लागू पडतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये. तो चाक बदलण्यापुरताच असतो.

गॅरेजमध्ये गेल्यावरही जागरूकता सोडू नये. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा आणि बदललेले जुने भाग परत मागावेत.

थोडक्यात, चुकल्यास गाडी सुरू होणार नाही, असे काम घरी करून पाहायला हरकत नाही. चुकल्यास गाडी थांबणार नाही, असे काम जाणकाराच्याच हाती द्यावे.