पडदा घ्यायचा की भिंतच रंगवायची? कमी बजेटमध्ये घरच्या प्रोजेक्टरचं गणित

वर्धा : कापसाचे पैसे हाती आले की घरात एखादी वस्तू येते. आता त्या यादीत छोटा प्रोजेक्टरही आला आहे. आर्वी असो की समुद्रपूर, ऑनलाइन मागवला की घरपोच येतो. मात्र प्रोजेक्टर आल्यावर प्रश्न पडतो, की चित्र पाडायचं कशावर? दुकानदार महागडा पडदा दाखवतो, तर शेजारी म्हणतो चादर बांध. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आधी काही गोष्टी समजून घ्या.

आधी उजेड मोजा, मग साइज ठरवा

स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर '९००० लुमेन' असं छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, 'एएनएसआय लुमेन' किती ते पाहा. समजा ते ३०० आहेत. खोलीत पूर्ण अंधार असेल तर ८० इंचांच्या पडद्यावर चित्र टॉकीजच्या तोडीचं उजळ दिसतं. तेच १०० इंचांवर नेलं की उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो. १५० इंचांवर तर टॉकीजच्या एक तृतीयांशच उरतो. कारण सोपं आहे. चित्र दुप्पट रुंद केलं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. म्हणून लहान प्रोजेक्टरला ८० ते १०० इंच पुरे.

८० इंचांचा पडदा म्हणजे जवळपास पावणेसहा फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच. १०० इंचांचा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. दहा-बारा फुटांच्या खोलीत यापेक्षा मोठा पडदा डोळ्यांना त्रासच देतो.

'१२० इंच' म्हटलं की फसू नका

बाजारात ८ बाय ६ फुटांचा पडदा '१२० इंच' म्हणून विकला जातो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर ते बरोबरही आहे. पण हा आकार जुन्या टीव्हीचा. आजचे सिनेमे आणि मॅच रुंद आकारात येतात. त्यामुळे या पडद्यावर चित्र ८ बाय साडेचार फुटांचंच पडतं, म्हणजे ११० इंच. वरचा-खालचा मिळून दीड फूट पडदा रिकामा राहतो, आणि पैसे मात्र त्याचेही जातात. घेताना '१६:९' असं स्पष्ट विचारा.

सर्वात स्वस्त पडदा : स्वतःची भिंत

सपाट भिंत असेल तर पुट्टी मारून वर पांढरा, बिनचमकीचा रंग द्या. ऑइल पेंट नको, त्यात बल्बसारखा चकाकणारा ठिपका दिसतो. चुन्याच्या भिंतीत नीळ घातलेली असेल तर चित्रावर निळसर छटा येते. भिंतीला पोपडे किंवा खड्डे असतील तर चेहऱ्यावरही तेच दिसतील.

चादर, मांजरपाट की तयार पडदा?

कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेड आरपार आला, तर प्रोजेक्टरचाही उजेड तसाच मागे निघून जाणार. म्हणून कापड जाड, दुहेरी घ्या, किंवा पांढऱ्या मांजरपाटामागे काळं कापड शिवा. खालच्या शिवणीत पाइप घाला, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. वापरलेला फ्लेक्स फुकट मिळाला तरी चकाकतो आणि घडीच्या रेषा सोडत नाही.

तयार पडदा घ्यायचाच असेल तर 'मॅट व्हाइट' आणि 'गेन १.०' असा घ्या. जास्त गेनचा पडदा समोर बसणाऱ्याला उजळ दिसतो, पण कडेला बसणाऱ्याला फिका. आपल्याकडे घरची, शेजारची पोरं पसरून बसतात, तेव्हा गेन १.० च बरा. राखाडी पडद्यावर काळा रंग छान दिसतो, पण त्याला दमदार प्रोजेक्टर लागतो. उजेडातही चित्र दाखवणारे खास पडदे महाग असतात. त्यापेक्षा खिडकीला जाड पडदा लावणं स्वस्त पडतं.

दिवसाची मॅच, अंगणातला पडदा

१९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल दुपारी दोनला सुरू झाली होती. अशी मॅच अंगणात दाखवायची म्हटलं तर कोणताही साधा पडदा उपयोगाचा नाही. पांढरा पडदा ऊनही तितकंच परतवतो, मग चित्र धुऊन निघतं. दिवसा टीव्हीच बरा, प्रोजेक्टर अंधार पडल्यावर लावा.

गणेशोत्सवात किंवा शाळेत बाहेर लावायचा असेल तर पडदा चारही बाजूंनी दोरीने बांधा. फक्त वरून टांगलेला पडदा वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि बांबूसकट खाली येऊ शकतो, समोर लहान पोरं बसलेली असतात. विजेच्या तारेखाली बांबू रोवू नका. पावसाचा शिडकावा आला की आधी प्रोजेक्टरची पिन काढा, पडदा नंतर.

पैसे कुठे घालायचे?

घाई नको. प्रोजेक्टर आला की आठवडाभर भिंतीवर पाहा. किती मोठं चित्र डोळ्यांना बरं वाटतं, ते चिकटपट्टीने भिंतीवर आखून ठेवा. मग त्याच मापाचं कापड शिवून घ्या. त्यावरही समाधान झालं नाही, तरच तयार पडदा आणा. चित्र फिकं वाटलं तर मात्र महाग पडद्याने ते फारसं सुधारणार नाही. आधी खोलीतला अंधार वाढवा, मग चित्र लहान करून पाहा. या दोन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत.