चित्रकथी देवळात बोलवा, नुसती भिंतीवर टांगू नका

भातकापणी आटोपली, त्रिपुरारी पौर्णिमा उलटली की आपल्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. दशावताराच्या तारखा तर मंडळी आधीच ठरवून ठेवतात. पण सरपंच, मानकरी आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या देवळात चित्रकथी शेवटची कधी झाली, आठवते का? म्हातारी माणसे सांगतील कदाचित. तरुणांना चित्रकथी म्हणजे फ्रेम करून भिंतीवर लावलेले चित्र, एवढेच ठाऊक.

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी-गुढीपूरच्या ठाकर समाजाने ही कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली. सावंतवाडी संस्थानचा तिला आश्रय होता. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. चित्रे कागदावरची, रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची. सांगणारा बैठक मारून बसतो, पुढ्यात लाकडी फळी उभी करतो आणि तिला टेकवून एकेक चित्र दाखवतो. सोबत वीणा, टाळ आणि हुडुक. हुडुक म्हणजे डमरूच्या जातीचे वाद्य. आधी गणपती, मग आख्यान. थोडे गायचे, थोडे आपल्या बोलीत समजावायचे, की पुढचे चित्र. चित्र बिचारे जागचे हलत नाही. पण हुडुक चढला की कागदावरचा राक्षस अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि पुढे बसलेली पोरे आपसूक मागे सरकतात.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. आपल्यासारख्या गोठेवाल्यांनी एकदा जाऊन बघावे असे ते काम आहे. त्यामुळे चित्रे राहतील, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती गाण्याची. आख्यान तोंडपाठ असते आणि ते कपाटात ठेवता येत नाही. ते म्हणायला समोर माणूस लागतो. चित्र काढून विकले तर चार पैसे मिळतात, हे घरातल्या पोराला कळते. हुडुक घेऊन आख्यान सांगायला कोणी बोलावतच नसेल, तर ते त्याने शिकावे कशाला?

तेव्हा येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. मोठा मंडप नको, स्टेज तर मुळीच नको. चित्र जेमतेम दीड फुटाचे. शंभरेक माणसे दाटीने बसली तरच ते दिसते. सभामंडप पुरे. बल्ब चित्राच्या पुढून, जरा वरून सोडा. पाठीमागून उजेड आला तर कागद काळा दिसतो. कर्ण्याची गरज नाही. बिदागी आधी ठरवा आणि त्याच रात्री हातात द्या. ‘उद्या या, सेक्रेटरी नाहीत’ हा प्रकार नको. ऑर्केस्ट्राच्या मध्ये दहा मिनिटे चित्रकथी, असेही करू नका. तो त्या माणसांचा अपमान आहे. एक आख्यान पुरते होऊ द्या. शाळेच्या गुरुजींना सांगून चौथी-पाचवीची पोरे पहिल्या रांगेत बसवा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एखादा प्रसंग काढून घ्या.

चहाची किटली मात्र आख्यान संपल्यावरच फिरवा. चित्र बदलताना कोणी कप घेऊन मधून गेला, की मागचे ओरडलेच म्हणून समजा.