नक्षलवादाची ऐतिहासिक व सामाजिक मुळे

नक्षलवाद ही भारतातील सशस्त्र माओवादी चळवळ होय. महाराष्ट्राच्या शासकीय भाषेत तिचा उल्लेख ‘डावी कडवी विचारसरणी’ असा केला जातो. पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील नक्षलबारी येथे १९६७ मध्ये झालेल्या उठावावरून तिला हे नाव मिळाले. ज्या भूसंबंधांतून हा उठाव झाला, ते मात्र त्याहून पुष्कळ जुने होते.

बंगालमधील भूसंबंध

उत्तर बंगालमधील मोठ्या जमीनधारकांना जोतदार आणि त्यांची जमीन अर्धेलीने कसणाऱ्यांना आधियार म्हणत. अर्धा वाटा हा बहुधा नावापुरताच असे. बियाणे व खावटी यांसाठी काढलेल्या कर्जाची व्याजासह वसुली खळ्यावरच होई. कुळांना पिकाचा दोन तृतीयांश वाटा मिळावा, या मागणीसाठी १९४६-४७ मध्ये तेभागा आंदोलन झाले. पुढे नक्षलबारीचे सिद्धांतकार ठरलेले चारू मजुमदार या आंदोलनात कार्यकर्ते होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५३ च्या कायद्याने शेतजमिनीवर २५ एकरांची मर्यादा घालण्यात आली. अनेक जोतदारांनी जादा जमीन नातलगांच्या आणि गडीमाणसांच्या नावे करून ती स्वतःकडेच राखली. कायदा कागदावर राहिला आणि त्याविषयीची अपेक्षा गावोगावी पोहोचली, हा विरोधाभास येथे महत्त्वाचा आहे. मार्च १९६७ मध्ये डाव्या पक्षांचा सहभाग असलेले संयुक्त आघाडीचे सरकार सत्तेवर आल्याने ही अपेक्षा अधिकच वाढली. उठाव झाला तो लोक सर्वस्वी निराश असताना नव्हे, तर आशा पल्लवित होऊन पुन्हा लांबणीवर पडत असताना. २४ मे रोजी जमावाच्या बाणांनी एक पोलीस अधिकारी मृत्युमुखी पडला. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात ११ जण ठार झाले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती.

अन्याय आणि सिद्धांत

केवळ दारिद्र्यातून सशस्त्र चळवळ उभी राहिली असती, तर ती देशात सर्वत्र दिसली असती. मजुमदार यांचे आठ लेख १९६५ ते १९६७ या काळातले, म्हणजे बव्हंशी उठावापूर्वीचे. असंतोषाला अर्थ देणारी मांडणी आधीच तयार होती. २२ एप्रिल १९६९ रोजी भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाला. ‘वर्गशत्रू’ म्हणून व्यक्तींना ठार मारण्याच्या त्याच्या धोरणामुळे चळवळ शेतकऱ्यांच्या व्यापक संघटनेपासून दूर जाऊन लहान, गुप्त गटांच्या हाती गेली. उठावाचे दुसरे नेते कानू सान्याल यांनीही पुढे या धोरणावर टीका केली.

१९७८ पासून पश्चिम बंगालमध्ये ‘ऑपरेशन बर्गा’ या मोहिमेत सुमारे १४ लाख वाटेकऱ्यांची नोंदणी झाली. ज्या प्रश्नावर उठाव पेटला होता, त्याची धार त्यामुळे बरीच बोथट झाली.

गडचिरोली

महाराष्ट्रात हा प्रश्न शेतजमिनीपेक्षा जंगलाशी निगडित होता. १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातील पीपल्स वॉर गटाची दले प्राणहिता व गोदावरी ओलांडून आली. तेव्हा माडिया व गोंड आदिवासींच्या दृष्टीने शासन म्हणजे मुख्यतः वनरक्षक होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वये सरपण आणणे हाही गुन्हा ठरू शके. तो ‘मिटविण्यासाठी’ कोंबडी, दारू किंवा वेठबिगार द्यावी लागे. तेंदूपत्त्याच्या पुडक्याला आणि बांबूतोडीला मिळणारी मजुरी अत्यल्प होती. दलांनी ठेकेदारांकडून ती वाढवून घेतली, आणि त्यांना मिळालेल्या पाठिंब्याचे हे सर्वांत ठोस कारण होते.

त्याच दलांनी पुढे खबरे असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांना ठार मारले आणि निवडणुकांवर बहिष्काराची सक्ती केली. पोलीसही रात्री दलाला जेवण दिल्याबद्दल त्याच गावकऱ्यांना जाब विचारीत. या हिंसेत बळी पडलेल्या नागरिकांत आदिवासींचीच संख्या मोठी आहे.

याच जिल्ह्यातील, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव मात्र वेगळ्या वाटेने गेले. १९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्ध झालेल्या आंदोलनातून तेथे ग्रामसभेची सवय रुजली. सर्वसहमतीवाचून निर्णय घ्यायचा नाही, हा तिचा नियम. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने वनविभागाकडेच होते. ते देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळण्यास एप्रिल २०११ उजाडले.